घाण्याचा बैल आणि सातवा दिवस

आजचा शास्त्रभाग: निर्गम 20:8-11, अनुवाद 5:12-15, लूक 13:10-17



रविवारची सुट्टी तशी आपल्यापैकी बऱ्याच जणांना आहे. पण विसावा आहे का? आठवडाभराचे कपडे, किराणा, राहिलेली बिलं, सोमवारच्या मीटिंगचं प्रेझेंटेशन. मध्ये दोन तास उपासना, आणि तिथेही खिशातला फोन थरथरत असतो. संध्याकाळचे पाच वाजले की पोटात गोळा येतो, उद्या सोमवार!

अशा आठवड्यात शब्बाथाची आज्ञा वाचली की तीसुद्धा आणखी एक टार्गेट वाटू लागते. मग आपला प्रश्न असा असतो की, "शब्बाथ पाळायचा म्हणजे काय काय करायचं नाही?" आज आपण जरा वेगळा प्रश्न घेऊन वचनाजवळ बसूया. हा दिवस देवाने नेमका कोणाकोणासाठी दिला?

एक आज्ञा, दोन कारणं

दहा आज्ञा शास्त्रात दोन ठिकाणी येतात. निर्गम 20 मध्ये शब्बाथाचं कारण उत्पत्तीचं आहे. देवाने सहा दिवसांत सगळं निर्माण केलं आणि सातव्या दिवशी तो थांबला, म्हणून तूही थांब. अरण्यातली वर्षं संपत आल्यावर मोशे नव्या पिढीला त्याच आज्ञा पुन्हा सांगतो. अनुवाद 5 मध्ये शब्बाथाची आज्ञा तीच आहे, पण कारण वेगळं आहे. तू मिसरात दास होतास आणि परमेश्वराने तुला हात धरून बाहेर काढलं, हे विसरू नकोस.

आता दोन्हीकडची यादी पाहा. निर्गमात सात जण आहेत: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरंढोरं आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. अनुवादात बैल आणि गाढव यांचा वेगळा उल्लेख येतो, आणि देवाचा हेतूही स्पष्ट सांगितला जातो. तुझ्या दासदासींना तुझ्यासारखाच विसावा मिळावा. "तुझ्यासारखाच" हा शब्द अधोरेखित करून ठेवा. मालकाला पूर्ण दिवस आणि नोकराला उरलासुरला तास, असा हिशेब इथे चालत नाही.

फारोची ऑफिसं आजही चालू आहेत

निर्गमाचा पाचवा अध्याय आजच्या कुठल्याही नोकरदाराला पटकन कळेल. मोशे आणि अहरोन फारोकडे जाऊन तीन दिवस मागतात, लोकांना अरण्यात परमेश्वराची उपासना करू दे म्हणून. फारो काय करतो? विटांसाठी मिळणारा पेंढा बंद करतो. पेंढा तुमचा तुम्ही गोळा करा, पण विटा रोजच्या तेवढ्याच हव्यात. वर म्हणतो की हे लोक आळशी झाले आहेत.

फारोचा मोशेवरचा आरोप असतो की तू लोकांचं काम थांबवतोस. तिथे मूळ हिब्रूत जे क्रियापद आहे, ते 'शब्बाथ' ज्या धातूपासून येतो त्याच धातूचं आहे. त्याचा अर्थ थांबणं. म्हणजे फारोला ज्या गोष्टीची चीड होती, तीच गोष्ट पुढे देवाने आपल्या लोकांना आज्ञा म्हणून दिली.

सीनाय पर्वतावर आज्ञा मिळण्याआधीच देवाने त्यांना हा धडा जेवणातून शिकवला होता (निर्गम 16). मान्ना रोज माणशी एक ओमर गोळा करायचा. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडत. सहाव्या दिवशी मात्र माणशी दोन ओमर, आणि तो सकाळपर्यंत छान टिकला. तरी काही जण सातव्या दिवशी गोळा करायला बाहेर गेलेच, आणि त्यांना काही मिळालं नाही. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. पिढ्यान्‌पिढ्या गुलामीत काढल्या होत्या त्यांनी. एक दिवस थांबलो तर उपाशी मरू, ही भीती हाडांत मुरली होती. एका रात्रीत मिसर सुटला, पण मनातला मिसर सुटायला वेळ लागला.

आपलीही भीती अशीच असते ना? एक दिवस मेल पाहिला नाही तर? क्लायंट दुसरीकडे गेला तर? अप्रेझलच्या वेळी कोणी लक्षात ठेवलं तर? या भीतीला देवाचं उत्तर मान्नामध्ये आहे. सातव्या दिवसाची भाकर त्याने सहाव्या दिवशीच देऊन ठेवली होती.

जिवात जीव येणं

हिब्रू शास्त्रात एक सुंदर क्रियापद आहे. ते 'नेफेश' या शब्दाशी जोडलेलं आहे, आणि नेफेश म्हणजे श्वास, जीव. मराठीत आपण म्हणतो ना, "आत्ता कुठे जिवात जीव आला", ते त्याच्या फार जवळ जातं. हे क्रियापद जुन्या करारात फक्त तीनदा येतं.

एकदा ते खुद्द देवाबद्दल आहे. त्याने सातव्या दिवशी विसावा घेतला आणि तो ताजातवाना झाला (निर्गम 31:17). एकदा ते अबशालोमापासून पळून दमलेल्या दावीद राजाबद्दल आहे (2 शमुवेल 16:14). आणि एकदा? दासीच्या मुलाबद्दल आणि परक्या माणसाबद्दल (निर्गम 23:12). त्यांच्या जिवात जीव यावा म्हणून तू सातव्या दिवशी थांब, असं देव सांगतो.

जगाचा निर्माणकर्ता, एक राजा आणि एका दासीचा मुलगा, तिघांसाठी एकच शब्द! देवाच्या विसाव्यात वाटा कोणाला मिळावा, हे यावरून कळतं.

शनवार तेली

हे सगळं दूरच्या देशातलं वाटत असेल तर जरा कोकणाकडे या. अलिबाग, रेवदंडा, पनवेल या भागांत बेने इस्राएल हे यहुदी लोक शेकडो वर्षं राहिले. मराठी बोलायचे, मराठमोळे कपडे घालायचे, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांचा धंदा तेलाचा घाणा चालवण्याचा. शनिवारी मात्र ते घाणा बंद ठेवायचे. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नावच दिलं, शनवार तेली. आजूबाजूला कोणी शब्बाथ पाळत नव्हतं, तरी त्यांनी तो दिवस सोडला नाही. आणि त्या एका दिवसावरूनच लोक त्यांना ओळखू लागले.

घाणा बंद म्हणजे बैलही मोकळा. एरवी तो बैल दिवसभर गोल गोल फिरतो, खूप चालतो आणि कुठेच पोहोचत नाही. आपण दमलेल्या माणसाला "घाण्याचा बैल झालाय नुसता" म्हणतो ते उगाच नाही. सातव्या दिवशी त्याचं दावं सुटतं. शास्त्रातल्या यादीत बैल का आहे, हे घाणा पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आता लूक 13 उघडा. शब्बाथ दिवशी सभास्थानात एक बाई आहे. अठरा वर्षं ती कमरेत वाकलेली, तिला सरळ उभंच राहता येत नाही. येशू तिला बोलावून बरं करतो. सभास्थानाचा अधिकारी रागावतो. कामाला सहा दिवस आहेत, तेव्हा येऊन बरे व्हा म्हणतो. येशू त्याला विचारतो की तुम्ही शब्बाथ दिवशी आपला बैल किंवा गाढव गव्हाणीपासून सोडून पाण्याला नेत नाही का? मग अब्राहामाच्या या मुलीला शब्बाथ दिवशीच बंधनातून सोडवायला नको का?

बैल सोडवणं आणि बाईला सोडवणं, प्रभूने दोन्ही शेजारी ठेवलं. शब्बाथाचं काम थांबणं तर आहेच, पण त्याच्या पोटात सोडवणं आहे.

आपल्या घरातला घाणा

म्हणून मित्रांनो, खरा प्रश्न इथे आहे. माझ्या विसाव्यासाठी दुसरं कोण जुंपलं जातंय?

उपासनेहून आल्यावर आपण सोफ्यावर पडतो. मटण कोण शिजवतं? पाहुणे आले तर चहा कोण टाकतं, भांडी कोण आवरतं? पुष्कळ घरांत आईचा सगळ्यात जड दिवस रविवार असतो. आज्ञेच्या यादीत पत्नीचा वेगळा उल्लेख नाही. बरेच अभ्यासक म्हणतात की 'तू' मध्ये पतीपत्नी दोघंही आले. आपल्या घरांत मात्र ती त्या 'तू' मधून हळूच गळून गेली आहे.

घरकामाला येणाऱ्या मावशींना आठवड्याची सुट्टी आहे का, आणि पगार न कापता? दहा मिनिटांत कोथिंबीर मागवली, तेव्हा पावसात बाइक चालवणारा मुलगा आपल्या वेशीच्या आतलाच नाही का? आणि तुम्ही टीम लीड असाल तर शनिवारी रात्री अकराला टाकलेला "जस्ट सी धिस व्हेन फ्री" हा मेसेज ज्युनिअरच्या रविवारात जाऊन पडतो. फारो होण्यासाठी राजवाडा लागत नाही, कधी कधी व्हॉट्सॲप पुरतं.

मुंबईच्या गिरणी कामगारांनाही रविवार आपोआप मिळाला नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून ही मागणी लावून धरली, आणि 1890 च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. पण आज आपण ज्या रविवारी निवांत मंडळीत जातो, त्यामागे दुसऱ्यांच्या विसाव्यासाठी झगडलेली माणसं आहेत, हे कृतज्ञतेने आठवायला हवं.

"पण मला रविवारी सुट्टीच नसते"

नर्स, हॉटेलातले, सिक्युरिटीतले, रोटेशनल शिफ्टवाले भाऊबहीण हे वाचत असतील. तुम्हांला दोषी ठरवायला हे लिहिलेलं नाही. प्रभूने स्वतः सांगितलं की मंदिरातले याजक शब्बाथ दिवशी काम करूनही निर्दोष असतात (मत्तय 12:5). आजाऱ्याची सेवा तर त्याने स्वतः त्याच दिवशी केली. शनिवार की रविवार, या दिवसावरून एकमेकांचा न्याय करू नका, असं पौलही सांगतो (रोमकरांस पत्र 14:5, कलस्सैकरांस पत्र 2:16). शब्बाथ माणसासाठी झाला, हे प्रभूचं म्हणणं आहे (मार्क 2:27). तुमचा मंगळवार असेल तर मंगळवार. सध्या अर्धाच दिवस हातात असेल, तर तो अर्धा दिवस आनंदाने प्रभूला द्या.

या आठवड्यात करून पाहूया

1. आदल्या संध्याकाळी सुरुवात करा. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात दिवस मोजताना आधी संध्याकाळ येते, मग सकाळ. म्हणजे आधी झोप, मग काम! आपण निजलेलो असतानाही देव जग चालवतो. शनिवारी सूर्य मावळला की लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवा.

2. सहाव्या दिवसाचा मान्ना गोळा करा. किराणा, इस्त्री, बिलं शुक्रवार-शनिवारीच उरका. रविवारचं जेवण साधं ठेवा, खिचडी-पापडानेही देवाचं गौरव होतं.

3. एका माणसाचं दावं सोडा. आईला स्वयंपाकघरातून, मावशींना एका पाळीतून, ज्युनिअरला एका डेडलाइनमधून. रविवारी ऑर्डर न करून एका डिलिव्हरीवाल्यालाही. यादीतला एकच निवडा, पण निवडा.

4. रिकाम्या झालेल्या वेळात रील्स भरू नका. यशया 58:13-14 सांगतं की हा दिवस आनंदाचा मानावा. मंडळीबरोबर उपासना, लांब फेरफटका, एखाद्या एकट्या आजीआजोबांची भेट, दुपारची गाढ झोप, सगळं चालेल.

आणि उपासना कधी संपते म्हणून घड्याळ पाहायची सवय असेल तर आमोस 8:5 वाचा. शब्बाथ कधी सरतो आणि आमचा धान्याचा धंदा कधी सुरू होतो, असं म्हणणारे व्यापारी तिथे भेटतात. त्यांची मापंही खोटी होती. ज्याला थांबता येत नाही, तो हळूहळू माणसांनाही मालासारखं मोजू लागतो.

शेवटी एक गोष्ट. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात शब्बाथावरून वाद सुरू होतो, पण त्याच्या अगदी आधी, अकराव्याच्या शेवटी, येशू कष्टलेल्यांना आणि ओझ्याने दबलेल्यांना स्वतःजवळ बोलावतो. तो त्यांना विसावा देतो आणि आपलं सोयीचं जू त्यांच्यावर ठेवतो. जू म्हणजे पुन्हा बैलाचंच चित्र! पण हा धनी घाण्याला जुंपून गोल फिरवत नाही. तो सौम्य आणि लीन आहे. आपला विसावा नियम नीट पाळल्याने मिळत नाही, त्याच्याजवळ गेल्याने मिळतो. आणि ज्याला तो मिळाला, त्याला दुसऱ्याचं दावं दिसू लागतं.

मननासाठी प्रश्न: माझ्या रविवारमुळे या आठवड्यात कोणाच्या जिवात जीव येईल? एक नाव लिहून ठेवा आणि त्या व्यक्तीसाठी प्रार्थना करा.

प्रार्थना: हे प्रेमळ देवबापा, तू आम्हांला दासपणातून सोडवलंस म्हणून तुझे आभार. थांबलो तर सगळं कोसळेल ही आमच्या मनातली भीती काढून टाक. आमच्या घरात, ऑफिसात आणि दारात राबणाऱ्या प्रत्येकाला आमच्यासारखाच विसावा मिळो, आणि त्यासाठी आमचा आराम थोडा कमी करायला आम्हांला शिकव. प्रभू येशूच्या नावाने मागतो, आमेन.