राणी वश्तीचा नकार

पेण व रोहे या गावांची नावे बेने इस्राएल समाजातील कित्येक कुटुंबांनी आपल्या आडनावांत जतन केली आहेत. १९४८ नंतर या समाजातील बहुतेक मंडळी इस्राएल देशात गेली. पेणकर, रोहेकर ही आडनावेही त्यांच्याबरोबर गेली. एके काळी तेल गाळणारे व शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे लोक कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. होळीच्या सुमारास येणाऱ्या आपल्या पुरीम सणास ते ‘होळीचा सण’च म्हणत. त्या सणाला एस्तेरचा ग्रंथ मोठ्याने वाचण्याची यहुद्यांची चाल आहे.

एस्तेरची कथा आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक असते. परंतु तिच्या आधी त्या सिंहासनावर जी राणी होती, तिला आपण दोन वाक्यांत निरोप देतो. आज तिच्यापाशी थोडे थांबू या.

हिंदुस्थानापासून कूश देशापर्यंत १२७ प्रांतांचा स्वामी राजा अहश्वेरोश याने आपले वैभव १८० दिवस सरदारांस दाखविले. मग शूशन नगरातील लहानथोरांस सात दिवस मेजवानी दिली. राणी वश्ती हीही राजमंदिरात स्त्रियांस मेजवानी देत होती. सातव्या दिवशी द्राक्षारसाने राजाचे चित्त उल्हसित झाले. सोन्याचे पेले, संगमरवरी खांब, सारे दाखवून झाले होते. उरली होती राणी. मुकुट घालून तिने यावे व लोकांनी तिचे सौंदर्य पाहावे, अशी आज्ञा घेऊन सात सेवक गेले. वश्ती आली नाही.

का आली नाही, हे ग्रंथकार सांगत नाही. पुढे कोणी तिला गर्विष्ठ ठरविले, कोणी विनयशील. पण तिच्या तोंडचा एकही शब्द ग्रंथात नाही. वाचकाने आपल्या मनातले शब्द तिच्या तोंडी घालू नयेत हे बरे. आज्ञा काय होती व ती कोणत्या अवस्थेत दिली गेली, एवढे मात्र ग्रंथात स्वच्छ लिहिले आहे.

तिच्यापेक्षा अधिक बोलतो तो मंत्री ममुखान. त्याचे म्हणणे असे की, हा अपराध एकट्या राजाचा नव्हे. ही वार्ता ऐकून सर्व स्त्रिया आपापल्या पतींस तुच्छ लेखतील. म्हणून वश्तीचे राणीपद गेले, व प्रत्येक पुरुषाने आपल्या घरात सत्ता चालवावी अशी पत्रे प्रत्येक प्रांतास त्याच्या लिपीत व भाषेत रवाना झाली. एवढ्या बलाढ्य राजास घरातील सत्तेसाठी डाक पाठवावी लागली, याचे हसू आल्यावाचून राहत नाही.

हेच भय मुंबईत १८८७ साली दिसले. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी पती दादाजी भिकाजी यांच्या घरी नांदावयास जाण्याचे नाकारले होते. नांदावयास जा, नाही तर सहा महिने कैद भोगा, असा न्यायालयाचा हुकूम झाला. त्यांनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. असे झाले तर घरोघर बंडाळी माजेल, अशी ओरड झाली. १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली, व पुढे विलायतेत शिकून त्या डॉक्टर झाल्या. वश्तीचे म्हणणे आपणांस मिळत नाही. रखमाबाईंनी मात्र आपले म्हणणे वृत्तपत्रांत स्वतः लिहिले होते.

आता एस्तेरकडे पाहा. बोलावल्यावाचून आतल्या चौकात राजापुढे जाणाऱ्यास, राजाने सोन्याचा राजदंड पुढे न केल्यास, मृत्युदंड होता. आपल्या लोकांचे प्राण वाचविण्यासाठी ती तशीच गेली. एक राणी बोलावूनही आली नाही, दुसरी न बोलावता गेली. राजाज्ञा दोघींनीही मोडली. दुसरीस आपण शूर म्हणतो. पहिलीविषयी वर्गात विचारले, तर मुले क्षणभर एकमेकांकडे पाहतात.

दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी एक लहानसे वाक्य आहे, ते घरी आईवडिलांबरोबर वाचावे. राजाचा क्रोध शमल्यावर त्याला वश्तीची, तिने केले त्याची व तिच्याविरुद्ध ठरले त्याची आठवण झाली. परंतु पारसी व मेदी लोकांच्या कायद्यात एकदा लिहिलेले फिरविता येत नसे.