हुशार मुलं ऐन वेळी का गडबडतात?

प्रश्न : आंतरशालेय प्रश्नमंजुषेसाठी सहावी ते आठवीच्या चौघांना तयार करते आहे. पाठांतर पक्कं आहे, तरी स्पर्धेत अडखळतात. काय करावं?
– एक शिक्षिका, रोहा

उत्तर : बाई, पाठांतराच्या वह्या थोडे दिवस मिटा आणि प्रश्न मुलांनाच काढू द्या. सुरुवात आपल्या रायगडापासून करा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण त्यांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा, गव्हर्नरपद १९४३चं, पुढे ते केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली राजीनामा दिला, हे सलग कळलं की एका माणसातून चार प्रश्न निघतात.

मग घाईचा इलाज. प्रश्न अर्ध्यावर थांबवा आणि ‘पुढे काय विचारतील?’ असं विचारा. ‘पवनारला आश्रम असलेल्या विनोबांचा जन्म...’ एवढ्यावर एक जण ‘पवनार’ म्हणून मोकळा होईल, दुसरा ‘१८९५’ म्हणेल. विचारलेलं असेल पेण तालुक्यातलं गागोदे!

कर्णधार मात्र सर्वांत हुशार नको, शांत डोक्याचा निवडा. पालक नाराज होतील, होऊ द्या.