तारेवरील सौर घट : पृष्ठभागाची पूर्वतयारी

तांब्याच्या भांड्यास कल्हई करणारा कारागीर कथील हाती घेण्यापूर्वी भांडे घासतो, तापवितो आणि नवसागराने त्याचा मळ काढतो. मळलेल्या जागी कथील धरत नाही, हे त्यास ठाऊक असते. शिवणाच्या दोऱ्याएवढ्या बारीक तारेवर सौर विद्युत् घट घडविणाऱ्या शास्त्रज्ञासही हाच नियम पाळावा लागतो.

इ. स. १९९१ मध्ये ब्रायन ओ'रीगन व मायकेल ग्रेट्सेल ह्यांनी रंजकद्रव्याच्या साहाय्याने चालणारा कार्यक्षम सौर घट प्रसिद्ध केला. २००८ मध्ये पेकिंग विद्यापीठातील संशोधकांनी अशा घटास तारेचे रूप दिले. पुढे ह्या कामी टिटॅनियमची तार फार वापरात आली. तारेवर टिटॅनियम डाय-ऑक्साइडचा सच्छिद्र थर असतो व त्या थरात रंजक भिनविलेला असतो. प्रकाश पडताच रंजकातील इलेक्ट्रॉन थरात शिरतात आणि तेथून तारेत येतात. भोवती गुंडाळलेली प्लॅटिनमची तार मंडल पूर्ण करते. दोहोंमधील आयोडीनयुक्त द्रव रंजकाची इलेक्ट्रॉनांची तूट भरून काढतो.

आता, तारेवर मळ येतो कोठून? धातू साच्याच्या छिद्रांतून ओढून तार बनवितात. त्या वेळी वापरलेले वंगण तिला चिकटून राहते. हाताळताना बोटांचे तेल व क्षार लागतात. अशा डागावर थर नीट बसत नाही आणि तार वाकविताच तो सुटतो. उघड्या पडलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन परत द्रवात जातात. तेथे प्लॅटिनमची तार टेकली, तर घट लघुमंडलित होतो. व्यास ०.२५ मि. मी. व लांबी १० सें. मी. असलेल्या तारेचा पृष्ठभाग केवळ ०.८ चौ. सें. मी. भरतो. एवढ्याशा क्षेत्रात लहानसा डागही महाग पडतो.

म्हणून तार प्रथम बारीक पॉलिश कागदाने हलकेच घासतात. नंतर ती क्रमाने ॲसिटोन, अल्कोहोल व शुद्ध पाणी ह्यांत प्रत्येकी सुमारे १० ते १५ मिनिटे ठेवून श्राव्यातीत ध्वनीने हलवितात. ह्या ध्वनीमुळे द्रवात सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन फुटतात व मळ उखडतो. क्रमासही अर्थ आहे. ॲसिटोन वंगण विरघळविते. परंतु ते झटकन उडून गेल्यास वंगणाचा पातळ थर मागे राहील. अल्कोहोल ते ॲसिटोन धुऊन नेते आणि पाणी क्षार काढते.

तार स्वच्छ झाली की नाही, हे पाणीच सांगते. स्वच्छ तारेवर पाण्याचा अखंड पापुद्रा पसरतो. तेलकट तारेवर त्याचे थेंब होतात. ह्यानंतर तारेस बोट लावावयाचे नाही. ती चिमट्यानेच धरावी.

अशी तार फ्लुओराइडयुक्त द्रवात धनाग्र म्हणून ठेवून सुमारे ६० व्होल्टचा दाब दिला, म्हणजे तिच्यावर टिटॅनियम डाय-ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म नलिका उगवतात. सुमारे ४५० अंश सेल्सिअसला तापविल्यावर त्या स्फटिकरूप होतात.

एक इशारा आवश्यक आहे. काही प्रयोगशाळांत तार हायड्रोफ्लुओरिक आम्लात बुडवितात. हे आम्ल त्वचेतून आत शिरून शरीरातील कॅल्शियमशी संयोग पावते व प्राणघातक ठरू शकते. फ्लुओराइडचे द्रवही विषारी असतात. शाळेत ह्यांपैकी काहीही वापरू नये. ॲसिटोन व अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने ती ज्योतीपासून दूर ठेवावी. विद्यार्थ्यांनी साबणाने धुतलेल्या व न धुतलेल्या तारेवर पाण्याची परीक्षा करून पाहावी. त्या दोन तारांतील फरकातच ह्या पाठाचे सार आहे.