गाडी पळते, पण पैसा कुठे राहतो?

सबमिशनची आदली रात्र आठवा. अकरा वाजलेत, जर्नल पूर्ण आहे आणि अचानक लक्षात येतं की सर्टिफिकेटचं पानच प्रिंट केलेलं नाही! गेटजवळचं झेरॉक्सचं दुकान बंद. मग ज्याच्याकडे बाइक आहे अशा एखाद्या मित्राला मस्का मारायचा, "अरे जा ना गावात, पेट्रोल मी टाकतो, वर बुर्जी-पाव माझ्याकडून." पानाची किंमत दोन रुपये आणि ते आणायचा खर्च शंभर! तरी आपण तो करतो, कारण त्या एका पानावाचून सगळी जर्नल अडकलेली असते.

अमेरिकेत नेमकं हेच काम करून हजारो माणसं पोट भरतात. त्यांना म्हणतात एक्स्पिडायटर.

आता तुम्ही म्हणाल, हिला हा विषय कुठून सुचला? तर आमच्या इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या सरांनी जस्ट-इन-टाइम शिकवताना प्रश्न टाकला, "स्टॉक ठेवायचा नाही, मान्य. पण पार्ट वेळेवर आलाच नाही तर?" वर्गात शांतता. मी नेमकी पहिल्या बाकावर, म्हणून असाइनमेंट माझ्या गळ्यात पडली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हे मला मराठीतच लिहायचं होतं. का, ते शेवटी सांगते.

एका मालासाठी एक गाडी

साधा ट्रान्सपोर्टवाला दहा जणांचा माल एका गाडीत भरतो, गोदामात उतरवतो, पुन्हा भरतो. एक्स्पिडायटर तसं करत नाही. एका गिऱ्हाइकाचा माल एका गाडीत चढतो आणि मध्ये कुठेही न उतरता थेट दारात पोहोचतो. मग तो माल म्हणजे एकच खोकं असो. कारखान्यातला अडलेला पार्ट, विमानाचा सुटा भाग, औषधं, प्रदर्शनाचं सामान, असा हा माल असतो. लाइन बंद पडण्याचं नुकसान इतकं मोठं असतं की त्यापुढे भाडं किरकोळ वाटतं.

हा धंदा ओहायो राज्याच्या आसपास वाढला, याचं कारण नकाशात दिसतं. वर मिशिगनमधलं डेट्रॉइट, खाली केंटकी, टेनेसी, अलाबामा इथले मोटारींचे कारखाने, आणि त्यांना जोडणारे मोठे हायवे. अॅक्रन गावची रॉबर्ट्स एक्सप्रेस ही या धंद्यातली जुनी कंपनी. २००० साली तिचं नाव फेडेक्स कस्टम क्रिटिकल झालं. दुसरी मोठी कंपनी पँथर, तीही ओहायोचीच; ती २०१२ मध्ये आर्कान्सा बेस्टने (आताची आर्कबेस्ट) विकत घेतली.

गंमत म्हणजे या कंपन्यांचं काम मुख्यतः दुसऱ्यांच्या गाड्यांवर चालतं. गिऱ्हाईक, परवाना आणि कंपनीचं नाव त्यांचं. गाडी, डिझेल आणि मेहनत मालक-चालकाची. तो कंपनीशी करार करतो आणि भाड्यातला ठरलेला टक्का किंवा मैलामागे ठरलेली रक्कम घेतो. गाडीही तीन प्रकारची असते. छोटी कार्गो व्हॅन, मागे झोपायची केबिन असलेला मध्यम ट्रक (याला स्ट्रेट ट्रक म्हणतात) आणि मोठा ट्रेलर. २६,००० पौंडांपर्यंतचा, म्हणजे पावणेबारा टनांपर्यंतचा स्ट्रेट ट्रक असेल आणि त्यात धोकादायक माल नसेल तर अवजड वाहनाचं खास लायसन्सही लागत नाही. त्यामुळे नवखे लोक बहुधा व्हॅन किंवा स्ट्रेट ट्रकपासून सुरुवात करतात.

एकटा आणि जोडी

आता खरी अडचण. तिथल्या केंद्रीय नियमांप्रमाणे ट्रक ड्रायव्हरला सलग १० तास विश्रांती झाल्यावर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. तीसुद्धा काम सुरू केल्यापासून १४ तासांच्या आत. माल भरायला कारखान्याने तीन तास बसवून ठेवलं तर सहसा ते तीन तास त्या १४ मधूनच जातात. आठ तास ड्रायव्हिंग झाल्यावर अर्धा तास थांबावंच लागतं. आठ दिवसांत कामाचे ७० तास भरले की पुढे चालवायचं नाही. डिसेंबर २०१७ पासून हे सगळं इलेक्ट्रॉनिक यंत्र नोंदवतं, त्यामुळे वहीत खाडाखोड करायची सोय नाही!

टेक्सासच्या सीमेवरच्या लारेडोहून डेट्रॉइटला माल न्यायचा आहे असं समजा. अंतर सुमारे १६०० मैल, म्हणजे २६०० किलोमीटरच्या आसपास. सरासरी वेग ताशी ५५ मैल धरला तर नुसतं ड्रायव्हिंग २९ तास. एकटा माणूस ११ तास चालवणार, १० तास झोपणार, पुन्हा ११, पुन्हा १० आणि मग उरलेले ७. झाले ४९ तास. नवरा-बायकोची जोडी असेल तर एक चालवतो, एक झोपतो, आणि माल तीस-बत्तीस तासांत पोहोचतो. घाईचा माल कोणाला मिळणार? उघड आहे. जास्त पैशाची लांबची भाडी जोड्यांकडे जातात आणि एकट्याला पाच-सहाशे मैलांच्या आतलं काम शोधावं लागतं.

त्यात फोन कधी वाजेल याचा नेम नाही. दुपारी कारखान्याच्या लक्षात येतं की पार्ट कमी पडणार, रात्री नऊला माल तयार होतो आणि सकाळी सातला तो पाचशे मैलांवर हवा असतो. दिवसभर जागा असलेला ड्रायव्हर नियमाने ड्यूटीवर नव्हता, म्हणून त्याच्या यंत्रात अकरा तास शिल्लक दिसतात. अंगात मात्र नसतात. म्हणून चांगला सोलो एक्स्पिडायटर दुपारी काम नसताना मुद्दाम झोपून घेतो. कारखान्याने स्टॉक ठेवला नाही, त्यामुळे झोपेचा स्टॉक याला ठेवावा लागतो. दहा हजार पौंडांपर्यंतच्या छोट्या व्हॅनना साध्या मालासाठी हे तासांचे नियम लागूच नाहीत. म्हणजे तिथे "आता बस" असं स्वतःला सांगणारा माणूस फक्त स्वतःच!

मैलाला १.६० डॉलर, खरंच?

आता वही-पेन घ्या. पुढचे आकडे मी गृहीत धरले आहेत, पण पद्धत खरी आहे.

आपल्याकडे एक स्ट्रेट ट्रक आहे. भरलेल्या मैलाला १.६० डॉलर मिळतात. महिन्याचा कायम खर्च, म्हणजे गाडीचा हप्ता, विमा, परवाने, फोन मिळून २८०० डॉलर. गाडी उभी राहिली तरी हा चुकत नाही. चालत्या खर्चात डिझेल मैलाला ४० सेंट आणि टायर, ऑइल, दुरुस्तीसाठी बाजूला टाकायचे २० सेंट. मिळून ६० सेंट.

एका महिन्यात ६००० मैल भरलेली आणि २००० मैल रिकामी गाडी चालली. (रिकाम्या मैलांना तिकडे डेडहेड म्हणतात.)

उत्पन्न: ६००० × १.६० = ९६०० डॉलर.
चालता खर्च: ८००० × ०.६० = ४८०० डॉलर. लक्षात घ्या, गुणायचं ८००० ने! रिकामी गाडीही डिझेल पिते.
कायम खर्च: २८०० डॉलर.
हातात: २००० डॉलर.

महिन्यातले २४ दिवस बाहेर आणि दिवसाला वाट पाहण्यासकट १४ तास धरले तर ३३६ तास होतात. भागाकार करा, तासाला सहा डॉलरही पडत नाहीत. अमेरिकेत केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. म्हणजे ९६०० डॉलरचा धंदा करणारा "मालक" किमान वेतनाच्याही खाली! आणि अजून कर बाकीच आहे. नोकरदाराच्या सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा अर्धा वाटा मालक भरतो. स्वतःचा धंदा करणाऱ्याला दोन्ही वाटे, म्हणजे १५.३ टक्के, स्वतःलाच भरावे लागतात. आरोग्य विमाही खिशातूनच.

आता एकच बदल करा. एकूण मैल तेच ८०००, पण भरलेले ७००० आणि रिकामे १०००. उत्पन्न ११,२०० डॉलर. खर्च तोच, ७६००. हातात ३६०० डॉलर. गाडी एक मैलही जास्त पळाली नाही आणि कमाई ८० टक्क्यांनी वाढली!

कोणतं भाडं घ्यावं?

सिनसिनाटीत गाडी उभी आहे आणि दोन भाडी आली आहेत.

पहिलं भाडं फ्लोरिडातल्या ऑरलँडोचं. ९०० मैल, मैलाला १.६० प्रमाणे १४४० डॉलर. पण फ्लोरिडात जाणारा माल भरपूर आणि निघणारा कमी. समजा परत टेनेसीच्या चॅटनूगापर्यंत ५५० मैल रिकामं यावं लागलं. १४५० मैलांचा चालता खर्च ८७० डॉलर. उरले ५७०. तीन दिवस गेले, त्यांचा कायम खर्च सुमारे २८०. शिल्लक २९० डॉलर.

दुसरं भाडं अलाबामातल्या टस्कलूसाजवळच्या मोटार कारखान्याचं. ५०० मैल, दर त्याहून कमी, १.५० प्रमाणे ७५० डॉलर. पुढच्या मालासाठी बर्मिंगहॅमपर्यंत ५० मैल रिकामं. चालता खर्च ३३० आणि एका दिवसाचा कायम खर्च ९३. शिल्लक ३२७ डॉलर, आणि तेही एका दिवसात! शिवाय आजूबाजूला आणखी मोटार कारखाने आहेत, म्हणजे पुढचं भाडं मिळण्याची आशा जास्त.

फोनवर १४४० ऐकलं की कोणालाही मोह होईल. एकट्याच्या धंद्यात सगळ्यात अवघड काम म्हणजे अशा भाड्याला नाही म्हणणं. त्याहून अवघड म्हणजे नाही म्हटल्यावर गप्प बसून दुसऱ्या फोनची वाट पाहणं.

मालक म्हणजे सगळंच आपलं

गिअरबॉक्स गेला तर दुरुस्ती आपली आणि दुरुस्तीच्या दिवसांतली बुडालेली कमाईही आपली. म्हणून ते २० सेंट खर्चून टाकायचे नसतात. जुलैच्या सुरुवातीला बरेच मोटार कारखाने देखभालीसाठी बंद असतात, तेव्हा फोन थंडावतो. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या मोटार कामगारांचा संप झाला, तो साधारण सहा आठवडे चालला. लाइनच बंद असेल तर घाई कोणाला? ज्याची सगळी भाडी एकाच उद्योगावर अवलंबून, त्याचे अशा वेळी हाल होतात.

एक गोष्ट मात्र मला खूप आवडली. तिथल्या केंद्रीय नियमाप्रमाणे मालक-चालकाशी करार लेखी हवा, कपात कशाकशाची होणार ते त्यात लिहिलेलं हवं आणि माल पोहोचल्याची कागदपत्रं दिल्यापासून १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. टक्क्यावर काम असेल तर मूळ भाड्याचं बिलही त्याला दाखवावं लागतं.

बाबांची डायरी

ही १५ दिवसांची ओळ वाचली आणि मी थांबले. कारण माझे बाबा २०११ ते २०१७ या काळात स्वतःची टाटा ४०७ चालवत होते. मालकही तेच आणि ड्रायव्हरही तेच. भोसरीहून वाळूजला कारखान्यांचे अर्जंट पार्ट न्यायचे. एका पार्टीचे पैसे तीन-तीन महिने यायचे नाहीत. शेवटी हप्ते थकले आणि गाडी विकावी लागली. घरात सगळे म्हणायचे, पैसे अडकले म्हणून धंदा बुडाला. मीही तेच धरून चालले होते.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांची २०१६ ची डायरी काढली. मार्च महिन्यात वाळूजच्या ११ खेपा. प्रत्येकीचं भाडं नीट लिहिलेलं. रिटर्न भाडं फक्त तीन वेळा. म्हणजे आठ वेळा सुमारे सव्वादोनशे किलोमीटर गाडी रिकामी आली होती. एका महिन्यात १८०० किलोमीटर! त्याची डायरीत कुठे नोंदच नाही. खर्चाच्या पानावर डिझेल, टोल, क्लीनर आणि त्याखाली "स्कूल फी", म्हणजे माझी कॉन्व्हेंटची.

मी बाबांना हे गणित दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मग म्हणाले, "अगं, रिकामी गाडी आणताना वाटायचं, चला, आता घरी जायचंय. तो खर्च कधी धंद्याचा वाटलाच नाही." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "वाळूजला रात्रभर थांबलो असतो तर सकाळी भाडं मिळायचं."

रात्री ते का थांबत नव्हते, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं. सकाळी मला शाळेच्या बसपर्यंत तेच सोडायचे.

म्हणून हा लेख मराठीत. बाबांना वाचायला द्यायचा आहे.

असो. आपल्यापैकी काही जण नोकरी न करता स्वतःचं काहीतरी सुरू करतील. गाडी घेतील, वर्कशॉप टाकतील, मेससुद्धा चालवतील. माझं एवढंच सांगणं, आधी सहा महिने दुसऱ्याकडे तेच काम करून पाहा. आणि "महिन्याला इतके मिळतात" असं कोणी सांगितलं की लगेच विचारा, भागिले किती? किती किलोमीटर, किती तास? रिकाम्या फेऱ्या धरल्या का? वाट पाहण्याचा वेळ धरला का? सरांनी असाइनमेंटला दहापैकी आठ मार्क दिले. दोन कुठे गेले ते अजून कळलेलं नाही!

— तृतीय वर्ष, प्रॉडक्शन इंजिनिअरिंग