घटक ५ : सर्वनामे, सामाजिक अंतर आणि ऐक्यभाव

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• संबोधनातील ‘सत्ता’ व ‘ऐक्यभाव’ या संकल्पना स्पष्ट करता येतील.
• ‘आम्ही’ व ‘आपण’ यांतील फरक सोदाहरण सांगता येईल.
• स्वतःच्या भाषाव्यवहाराचे परीक्षण करता येईल.

५.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, शालेय व्याकरणात सर्वनामाची व्याख्या ‘नामाऐवजी येणारा शब्द’ अशी केली जाते. ती चूक नाही, पण अपुरी आहे. समोरच्या व्यक्तीला ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’, हे ठरवताना बोलणारा त्या व्यक्तीचे समाजातील स्थानही ठरवत असतो. वय, जात, वर्ग, व्यवसाय आणि लिंग यांनी पाडलेली अंतरे या लहानशा शब्दांत साठलेली असतात. ती अंतरे ओलांडू इच्छिणाऱ्याने प्रथम हे शब्द तपासायला हवेत.

५.२ सत्ता आणि ऐक्यभाव

रॉजर ब्राउन व अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात युरोपीय भाषांतील द्वितीयपुरुषी सर्वनामांचा विचार ‘सत्ता’ व ‘ऐक्यभाव’ या दोन तत्त्वांच्या आधारे केला. सत्तेच्या नात्यात सर्वनामांचा वापर एकतर्फी असतो : वरचा खालच्याला ‘तू’ म्हणतो, खालचा वरच्याला ‘तुम्ही’. ऐक्यभावाच्या नात्यात तो परस्पर असतो : दोघेही ‘तू’ म्हणतात किंवा दोघेही ‘तुम्ही’.

ही मांडणी मराठीला लावताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘तू’ हा शब्द स्वतः अपमानकारक नाही. मूल आईला ‘तू’ म्हणते, वारकरी विठ्ठलालाही ‘तू’ म्हणतो. मात्र वाड्यातील दहा वर्षांचा मुलगा साठीच्या गड्याला ‘अरे’ म्हणतो आणि तो गडी त्या मुलाला ‘धाकले मालक’ म्हणून ‘तुम्ही’ म्हणतो, तेव्हा त्या ‘तू’चा अर्थ पालटतो. नावांचेही तसेच आहे. मित्रांनी एकमेकांत ‘राम्या’ म्हणणे ही सलगी. पण ज्याला उलट तसे म्हणण्याची मुभा नाही, त्याला ‘राम्या’ म्हणणे ही अवहेलना. दोष शब्दात नसून एकतर्फीपणात आहे.

५.३ एक उदाहरण

येथे माझ्याच चुकीचे उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी एका संपर्क सत्रासाठी मी वर्गात गेलो. दाराशी खाकी सदऱ्यातील एक प्रौढ गृहस्थ उभे होते. मी म्हणालो, “जरा फळा पुसून दे.” त्यांनी फळा पुसला, हात झटकले आणि पहिल्या बाकावर जाऊन वही उघडली. ते विद्यार्थी होते. रात्रपाळी संपवून थेट वर्गात आले होते. मी ओशाळून म्हणालो, “माफ करा, मला वाटलं तुम्ही शिपाई आहात.” ते शांतपणे म्हणाले, “शिपाई असतो, तर चाललं असतं का सर?”

माझ्या पहिल्या वाक्यात सर्वनाम नव्हते. तरी ‘दे’ आणि ‘द्या’ यांतील निवड क्रियापदाने उघड केली. म्हणजे सर्वनाम गाळले तरी भाषा आपले मत लपवत नाही. दुसरे वाक्य मात्र पहिल्याहून गंभीर होते. माफी मागताना मी ‘तुम्ही’वर आलो खरा, पण त्या वाक्याचा गर्भितार्थ असा होता, की शिपायाला ‘दे’ म्हणणे योग्यच, फक्त व्यक्ती ओळखण्यात माझी गफलत झाली. विनम्रता म्हणजे मोठ्या माणसाला ओळखून त्याच्यापुढे झुकणे नव्हे. आदर देण्यासाठी हुद्द्याची चौकशी करावी न लागणे, ही विनम्रता.

५.४ ‘आम्ही’ आणि ‘आपण’

हिंदीतील ‘हम’मध्ये ऐकणारा आहे की नाही, हे शब्दावरून कळत नाही. मराठी हा भेद करते. ‘आम्ही जेवणार’ म्हटले तर ऐकणारा वगळला जातो. ‘आपण जेवू’ म्हटले तर तोही पंगतीत येतो. यांस अनुक्रमे व्यावर्तक व समावेशक सर्वनाम म्हणतात. गुजराती, तमिळ व तेलुगू या भाषांतही हा भेद आहे. मेळघाटात बोलल्या जाणाऱ्या, मुंडा गटातील कोरकू भाषेत तर द्विवचनातही तो केला जातो. ज्या भाषांना ‘अडाणी बोली’ म्हणून हिणवले जाते, त्यांची रचना किती सूक्ष्म असते, हे यावरून लक्षात यावे.

‘आपण’ हे ऐक्यभावाचे सर्वनाम वाटते. परंतु ते उसनेही असू शकते. “आपण परिसर स्वच्छ ठेवू” असे म्हणणारा हातात झाडू घेणार नसेल, तर तो ‘आपण’ म्हणजे आर्जवाचा वेश घेतलेला हुकूम होय. “आपल्यात कुठे जात राहिली आहे?” या वाक्यातील ‘आपल्यात’ कोण येते, हेही विचारले पाहिजे, जातीचा चटका ज्याला बसला, त्याचा अनुभव हे वाक्य ऐकण्यापूर्वीच पुसून टाकते.

या पार्श्वभूमीवर वंचितांच्या लेखनातील ‘आम्ही’ समजून घ्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० साली सुरू केलेल्या पाक्षिकाचे ‘मूकनायक’ हे नावच सांगते, की ज्यांना बोलू दिले गेले नव्हते, त्यांना आता आवाज हवा होता. अशा समूहाचा ‘आम्ही’ फुटीरपणा नसतो, ती साक्ष असते. ती पूर्ण ऐकून घेण्याआधीच ‘आपण’ म्हणण्याची घाई करू नये. अंतर ज्याने सोसले, ‘आपण’ म्हणण्याचा पहिला हक्क त्याचा.

५.५ सारांश

संबोधनातील परस्परता ही ऐक्यभावाची खूण आहे. ‘आपण’ हा शब्द उच्चारल्याने ऐक्यभाव सिद्ध होत नाही. श्रम, धोका आणि मान यांत वाटा उचलल्यावरच तो शब्द खरा ठरतो.

५.६ स्वाध्याय

१. ‘दोष शब्दात नसून एकतर्फीपणात आहे.’ हे विधान तुमच्या परिसरातील दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. ‘आम्ही’ व ‘आपण’ यांतील फरक सांगून ‘उसने आपण’ ही कल्पना विशद करा.
३. उपक्रम : एक दिवस तुम्ही ज्यांच्याशी बोलाल, त्यांना वापरलेली सर्वनामे व क्रियापदांची रूपे नोंदवा. ज्यांना तुम्ही ‘तू’ म्हणता, पण जे तुम्हांला ‘तू’ म्हणू शकत नाहीत, अशांची यादी करा. नात्याने लहान असलेल्यांची नावे वगळा. उरलेल्या यादीचे कारण स्वतःला विचारा. ही यादी केंद्रावर सादर करावयाची नाही.