मांडीवरील लेप आणि मोजपट्टी : सेल्युलाइटच्या क्रीमची परीक्षा

लग्नसराई जवळ आली की आष्टीसारख्या तालुक्याच्या गावीही औषधी दुकानात एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो : मांड्यांवरचे खळगे घालविणारे क्रीम आहे काय? ग्राहक दुकानदारास विचारते, दुकानदार वैद्यास. वैद्याने काय सांगावे?

आमची एक चूक प्रथम नमूद करतो. काही वर्षांपूर्वी अशा रुग्णांना आम्ही त्रिफळा व कुळीथ यांच्या चूर्णाचे उद्वर्तन दिले. सोबत लघु आहार व सकाळचे चालणे सांगितले. मांडीचा घेर घटला आणि श्रेय आम्ही चूर्णास दिले. वजन उतरल्याची नोंद त्याच केसपेपरवर होती. ती घेराच्या आकड्याशेजारी ठेवून आम्ही पाहिली नाही. तुलनेसाठी दुसरी मांडी रुग्णेजवळच होती, हेही सुचले नाही.

सेल्युलाइट म्हणजे स्थौल्य नव्हे, हे आधी स्पष्ट असावे. त्वचेखालील मेदाचे कप्पे तंतुमय पडद्यांनी विभागलेले असतात. स्त्रियांमध्ये हे पडदे बहुधा त्वचेला काटकोनात असतात. मेद वर दाबला जातो, पडदे त्वचेस खाली ओढून धरतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. पुरुषांत पडद्यांची वीण तिरकी असल्याने हे क्वचित आढळते. कृश स्त्रीसही ते असते व वयात आल्यानंतर बहुसंख्य स्त्रियांत कमीअधिक दिसते. त्यास व्याधी म्हणावे की नाही, हाच प्रश्न आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील अष्टौनिंदितीय अध्यायात वर्णिलेले अतिस्थौल्य वेगळे. वाग्भटांनी दिनचर्येत उद्वर्तन कफहर व मेदोविलयन करणारे म्हटले आहे; परंतु तेवढ्यावरून खळग्यांना ग्रंथोक्त नाव चिकटविणे आम्हांस उचित वाटत नाही.

बाजारातील क्रीममध्ये कॅफीन, अमिनोफायलीन, रेटिनॉल व आपली मंडूकपर्णी ही द्रव्ये वारंवार आढळतात. पहिली दोन प्रयोगशाळेत मेदपेशींतील मेदाचे विघटन वाढवितात, हे खरे. मात्र त्वचा ओलांडून पुरेशी मात्रा खोलवर पोचणे ही निराळी गोष्ट, आणि ती पोचली तरी पडद्यांची ओढ राहतेच.

ब्रिटनमधील शल्यचिकित्सकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेली चाचणी या संदर्भात अभ्यसनीय आहे. ६९ पैकी ५२ स्त्रियांनी १२ आठवड्यांची ही चाचणी पूर्ण केली. अमिनोफायलीनच्या क्रीमची तुलना औषधरहित क्रीमशी केली होती व कोणते कोठे लावले जात आहे हे रुग्णांस आणि परीक्षकांस ठाऊक नव्हते. मोजमापांत अमिनोफायलीनचा लक्षणीय फरक आढळला नाही. स्वतः स्त्रियांच्या मते ३५ पैकी अवघ्या ३ पायांचे रूप सुधारले. २०१४ साली अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले; त्यात क्रीम लावलेल्यांच्या मांडीचा घेर इतरांपेक्षा सरासरी ०.४६ सें.मी. अधिक घटल्याचे दिसते. अर्धा सेंटिमीटरही नाही! शिंप्याची कापडी पट्टी किंचित सैल धरली तरी एवढा फरक पडतो.

म्हणून परीक्षेची रीत महत्त्वाची. एका मांडीस औषधी लेप व दुसरीस त्याच आधारद्रव्याचा, त्याच रंगगंधाचा औषधरहित लेप द्यावा. मर्दनाचा काळ दोन्हीकडे समान असावा, कारण मर्दनाने व स्निग्धतेनेही त्वचा काही काळ नितळ दिसते. डब्यांवर केवळ सांकेतिक क्रमांक असावेत व त्यांची किल्ली उपचारात भाग न घेणाऱ्या व्यक्तीकडे बंद पाकिटात राहावी. घेर गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून ठरावीक अंतरावर, उभ्या स्थितीत, एकाच पट्टीने तीनदा मोजावा. ते अंतर केसपेपरवर लिहावे. वजन प्रत्येक वेळी घ्यावे. मासिक पाळीपूर्वी शरीरात जलसंचय होतो, तेव्हा पाळीचा दिवसही नोंदवावा. छायाचित्रे समान अंतरावरून व बाजूने येणाऱ्या प्रकाशात घ्यावीत. समोरून प्रखर दिवा टाकला की खळगे आपोआप नाहीसे होतात आणि जाहिरातीतील ‘नंतर’चे चित्र तयार होते. मापन स्त्री-वैद्याने आडोशाला करावे, हे सांगण्याची गरज नसावी, तरी सांगतो. नीतिसमितीची मान्यता, मराठीतील संमतिपत्र आणि भारतीय चिकित्सीय चाचणी नोंदवहीत पूर्वनोंदणी या गोष्टी पहिल्या डबीआधीच्या आहेत.

आपल्या भागात आणखी एक अडचण लक्षात घ्यावी. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीस बाहेर पडतात आणि कित्येक महिने परतत नाहीत. १२ आठवड्यांची चाचणी भाद्रपदात सुरू केल्यास अशा घरांतील रुग्णा मध्येच गळतील. गळालेल्यांना मोजणीतून वगळून उरलेल्यांचे यश छापणे ही फसवणूकच. आम्ही चैत्र-वैशाखातील आरंभ पसंत करू. गळतीही निष्कर्षात लिहू. मात्र उन्हाळ्यातील घामाने चूर्ण व क्रीम दोन्ही त्वचेस झोंबतात. खाज, लाली, पुरळ यांची स्वतंत्र नोंद हवी. अमिनोफायलीनमधील एथिलीनडायअमाइन या घटकाने काहींस त्वचेची ॲलर्जी होते.

दुकानदार बंधूंनी १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याची अनुसूची अवश्य वाचावी. तीत स्थूलतेचा समावेश आहे. ‘चरबी वितळविते’ असा फलक लावण्यापूर्वी त्याचा विचार व्हावा. ग्राहकाने विचारल्यास आम्ही एवढेच सांगतो : त्वचा मऊ होईल, घेर फारसा घटणार नाही, खळगे जातील याचा भरवसा नाही, गरोदर असाल तर रेटिनॉल असलेली डबी नको. हे ऐकून काही जणी डबी परत ठेवतात.