बाहेरचा दरवाजा बंद झाल्यावर
(तरुणांच्या वर्गासाठी अभ्यासपाठ)

शास्त्रवाचन : यिर्मया अध्याय २८, यिर्मया २९:१–१४, फिलिप्पैकरांस २:५–८, याकोब १:२२–२७.

पाठाचा हेतू : ज्या परिस्थितीतून बाहेर पडणे आपल्या हाती नाही, तिच्यात देवाच्या लोकांनी कसे राहावे हे शास्त्रवचनाच्या प्रकाशात समजून घेणे.

प्रास्ताविक

काही काळापूर्वी तरुणांच्या वर्गात आम्ही मोबाइलवरील खेळांविषयी बोलत होतो. खरे सांगायचे तर बोलत नव्हतो, दटावत होतो. वेळ फुकट जातो, डोळे बिघडतात, अभ्यास मागे पडतो, हे नेहमीचे सर्व सांगून झाले. मुले माना खाली घालून ऐकत होती. एवढ्यात मागच्या बाकावरचा अकरावीतला एक मुलगा म्हणाला, "सर, खेळात अडकलेल्या मुलांची एक गोष्ट आहे. त्यात एक चर्चपण आहे. तिथे वीस लहान मुलं राहतात."

आम्हास त्या गोष्टीची काहीच माहिती नव्हती. ज्या गोष्टीविषयी आपण उपदेश करतो ती निदान पाहावी तरी, अशा विचाराने आम्ही ती मुळापासून समजून घेतली. त्यातून हा पाठ तयार झाला.

१. गोष्ट काय आहे?

गोष्टीचे नाव 'सोर्ड आर्ट ऑनलाइन'. लेखक जपानचे रेकी कावाहारा. २००२ सालापासून त्यांनी ती इंटरनेटवर क्रमशः लिहिली. एप्रिल २००९ मध्ये तिचे पहिले पुस्तक निघाले आणि २०१२ साली तिच्यावरून चित्रमालिका झाली. आपल्याकडची मुले बहुधा ही चित्रमालिकाच पाहतात.

कथेत ६ नोव्हेंबर २०२२ हा दिवस आहे. त्या दिवशी दहा हजार खेळाडू डोक्यावर एक यंत्र चढवून एका नव्या खेळात शिरतात. देह घरी बिछान्यावर पडलेला असतो, मन मात्र शंभर मजल्यांच्या एका तरंगत्या किल्ल्यात वावरते. तेथे शेते, रस्ते, बाजार, राक्षस, तलवारी असे सर्व काही आहे. संध्याकाळी साडेपाचला घंटा वाजते आणि सर्व जण पहिल्या मजल्यावरील नगराच्या चौकात ओढले जातात. खेळाचा निर्माता, कायाबा नावाचा शास्त्रज्ञ, प्रचंड आकृतीच्या रूपाने प्रकट होऊन सांगतो की बाहेर पडण्याचे बटण त्याने मुद्दाम काढून टाकले आहे. खेळात जो मरेल तो खरोखरच मरेल. बाहेरून कोणी यंत्र काढू पाहिले तरीही तो मरेल. शंभरावा मजला जिंकला तरच सुटका.

याच वेळी तो प्रत्येकाला एक आरसा देतो. खेळासाठी घेतलेले देखणे मुखवटे गळून पडतात आणि ज्याचा त्याचा खरा चेहरा उघडा होतो. पहिल्या महिन्यातच दोन हजार मरतात. दोन वर्षांनी, ७ नोव्हेंबर २०२४ रोजी, पंचाहत्तराव्या मजल्यावर खेळ संपतो तेव्हा सुमारे चार हजार मृत झालेले असतात.

कथेतली ती तारीख आता प्रत्यक्षात येऊन गेली. मन देहापासून वेगळे करणारे असे यंत्र कोणाजवळ नाही. परंतु न निवडलेल्या जागी अडकणे हा अनुभव मात्र नवा नाही. पवित्र शास्त्र त्याला बंदिवास म्हणते.

२. मुलगा खेळात का शिरला?

कथेचा नायक काझुतो. खेळातले त्याचे नाव किरितो. प्रारंभी तो अवघा चौदा वर्षांचा आहे. लहानपणी त्याचे आईवडील अपघातात वारले आणि मावशीने त्याला पोटच्या मुलासारखे वाढवले. ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नाही. दहाव्या वर्षी सरकारी नोंदी धुंडाळताना ती त्याची त्यालाच कळली. तेव्हापासून घरातल्या माणसांपासून तो दूर होत गेला आणि संगणकावरील खेळांत रमू लागला. तेथे कोणी खरे नाव सांगत नाही, म्हणून कोणी फसवलेही नाही, असे त्याला वाटले असावे.

पालकहो, येथे थोडे थांबावे. मुलगा खेळात गेला तो आधी घरातून निघून गेला होता. जेवायला तो रोज पानावर येत होता, तरी निघून गेला होता. आपल्या घरी कोणते सत्य मुलांपासून झाकलेले आहे? कर्ज, आजार, आईवडिलांतील अबोला, थोरल्या भावाचे काय झाले ते? मुलाच्या हातातला मोबाइल काढून घेण्यापूर्वी हा प्रश्न आपणांस विचारला पाहिजे.

३. हनन्या आणि यिर्मया

किल्ल्यात अडकलेल्यांपैकी हजारो जण पहिल्याच नगरात बसून राहिले. बाहेरचे लोक लवकरच सोडवतील, हा त्यांचा भरवसा. काही निराश होऊन गेले. काहींनी तर इतरांना लुबाडण्याचा आणि मारण्याचा धंदा मांडला.

यरुशलेमेहून बाबेलात नेलेल्या यहूद्यांची स्थिती अशीच होती. हनन्या संदेष्ट्याने त्यांच्या मनासारखे सांगितले : दोन वर्षांत सर्व जण परत येतील. लोकांना दिसावे म्हणून त्याने यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू काढून मोडलेसुद्धा. यिर्मयाने मात्र बंदिवानांना पत्र पाठवून सांगितले की सत्तर वर्षे लागतील. तोवर घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांचे संसार मांडा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी झटा व प्रार्थना करा.

ऐकणाऱ्यांना हे कठीण गेले असेल. शत्रूच्या नगरासाठी प्रार्थना करायची? परंतु पाहा, यिर्मयाने त्यांना बाबेलचे होऊन जा, असे सांगितले नाही. परत येण्याचे अभिवचन त्याच पत्रात आहे. आशा सोडू नका, पण आशेच्या नावाखाली आजचा दिवसही सोडू नका, हा त्या पत्राचा सारांश होय.

४. चर्चमधील वीस मुले

आता त्या मुलाने सांगितलेल्या चर्चकडे येऊ. वयाची अट असूनही काही लहान मुले खेळात शिरली होती. आईबापांवाचून ती त्या पहिल्या नगरात भटकत होती. साशा नावाची एक तरुणी प्रथम इतरांप्रमाणे लढायला व वरचे मजले जिंकायला निघाली होती. वाटेत तिला एक मूल रडताना दिसले आणि तिचे पाऊल पुढे पडेना. तिने त्याला आपल्याजवळ ठेवले, मग नगरभर फिरून आणखी मुले शोधून आणली. एका चर्चच्या इमारतीत ती सुमारे वीस मुलांचा सांभाळ करते आणि रानात जाऊन त्यांच्या अन्नापुरती कमाई करते. आघाडीवर लढणाऱ्यांपुढे तिला थोडा संकोचही वाटतो, आपण मागे राहिलो म्हणून.

त्याच नगरात एक मोठी संघटना आहे. आरंभी ती अन्न व माहिती सर्वांना सारखी वाटून देण्यासाठी निघाली. पुढे तिच्यातला एक गट बळावला आणि लहान मुलांना अडवून त्यांच्याकडूनच 'कर' मागू लागला. चांगल्या हेतूने निघालेल्या संस्थेचे असे का होते, हे चर्चच्या समित्यांवर काम केलेल्या वाचकांस फोड करून सांगण्याची गरज नाही.

ही कथा ख्रिस्ती शिकवण देण्यासाठी लिहिलेली नाही आणि त्या चर्चमध्ये उपासना होताना दिसत नाही, हे खरे. तरीही याकोबाच्या पत्रातील पहिला अध्याय तिच्याशेजारी ठेवून वाचावा. तेथेही आरसा आहे. त्यात आपले तोंड पाहून लगेच विसरणारा मनुष्य आहे, आणि शेवटी अनाथांचा व विधवांचा समाचार घेणे हेच शुद्ध धर्माचरण म्हटले आहे. त्या चौकात आरसा दहा हजारांना मिळाला होता. आपण कोण आहोत हे कळल्यावर साशाने काय केले, हे त्या वीस मुलांच्या ताटांत दिसते.

किल्ला खोटा होता. भाकरी खोटी होती. परंतु मुलाची भीती खरी होती आणि तिची मायाही खरी होती. जेथे मरण खरे, तेथे प्रीतीही खरीच असते.

५. निर्माता आत येतो तेव्हा

कथेच्या शेवटी एक रहस्य उघडते. खेळाडूंतला सर्वांत पराक्रमी सरदार, ज्याच्यामागे सर्व जण आदराने चालत होते, तोच वेष पालटून आलेला निर्माता कायाबा असतो. दोन वर्षे तो त्यांच्यात राहिला, जेवला, लढला. परंतु एक गोष्ट त्याने लपवून ठेवली होती. त्याला मरण येऊ नये, अशी सोय त्याने स्वतःपुरती करून ठेवली होती. त्याची जीवनरेषा अर्ध्याखाली कधी उतरतच नसे. किरितोचा संशय बळावण्याचे तेही एक कारण होते.

शिक्षकहो, या ठिकाणी फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय उघडावा. आपला प्रभूही आपल्या जगात आला. परंतु त्याने कोणतीही गुप्त सोय ठेवली नाही. तो रिक्त झाला, दास झाला, आणि मरण, तेही वधस्तंभावरचे, त्याने खरोखर सोसले. कायाबा सरदार होऊन आला आणि मरणापासून राखून राहिला. येशू सुताराच्या घरी आला आणि मरणापर्यंत गेला. आपल्या दुःखाच्या जागी देव आपल्यासोबत आहे असे आपण म्हणतो, ते या कारणाने म्हणू शकतो. आणि साशासारखे मागे थांबून रडणाऱ्याचा हात धरणे हे कमी दर्जाचे काम नाही, हेही आपणांस येथूनच कळते.

६. आपल्या मंडळीत

आपल्या तरुणांच्या डोक्यावर कोणी यंत्र बसवलेले नाही. दरवाजा उघडाच आहे, तरी काहींना बाहेर येता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगांच्या वर्गीकरणात खेळाच्या अशा विकाराची नोंद आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळ मोठा होणे, आणि नुकसान होत असूनही तो वाढतच जाणे, ही त्याची लक्षणे. सामान्यतः ती वर्षभर दिसली तरच तसे निदान करतात. म्हणून सुटीत चार तास खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला रोगी ठरवू नये, आणि खरोखर अडकलेल्याला केवळ उपदेश करून सोडून देऊ नये. त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जावे. कोणी जगणे नकोसे झाल्याचे बोलला तर ते थट्टेवारी नेऊ नये. त्याच्याजवळ बसावे, घरच्यांना सावध करावे आणि शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक हाताशी ठेवावा.

कथेतले वाचलेले विद्यार्थी परत आल्यावर त्यांच्यासाठी एक वेगळी शाळा काढली जाते. दोन वर्षे बुडालेली, मनाने थकलेली मुले तेथे पुन्हा बाकावर बसतात. आपली मंडळी अशी शाळा आहे काय? बऱ्याच महिन्यांनी उपासनेस आलेल्या तरुणाला दारातच "वाट चुकलास वाटतं?" असे विचारणारे आपल्यात आहेत. त्याला शेजारी जागा करून देणारे किती आहेत?

वर्गानंतर आम्ही त्या मुलाला सांगितले, "तू बरोबर होतास. चर्च आहे." तो हसला आणि पुढच्या रविवारी मागच्या बाकावरून एक बाक पुढे सरकला. आम्ही त्यापेक्षा अधिक काही झाल्याचे सांगत नाही.

शिक्षकांस सूचना

चित्रमालिकेत मारामारी आहे, आणि पुढल्या भागांतील काही दृश्ये मुलांना दाखवण्याजोगी नाहीत. म्हणून ती वर्गात दाखवू नये. गोष्ट तोंडी सांगावी. ज्यांनी ती पाहिली आहे अशा मुलांनाच सांगू दिल्यास उत्तम. शास्त्रभाग मात्र मुलांकडून मोठ्याने वाचवून घ्यावेत.

चर्चेसाठी प्रश्न

१. हनन्याचा संदेश लोकांना का आवडला? आज आपणांस असा संदेश कोण देतो?

२. घर, परीक्षा, नोकरी, आजार यांपैकी कोणत्या जागी तुम्हांला अडकल्यासारखे वाटते? तेथे 'बाग लावणे' म्हणजे काय करणे?

३. साशाला संकोच का वाटला असेल? तुम्ही तिला काय सांगाल?

४. कायाबाचे खेळात येणे आणि ख्रिस्ताचे जगात येणे यांत कोणता फरक आहे?

५. या आठवड्यात आपला वर्ग कोणत्या एका एकाकी मुलाला किंवा मुलीला भेटायला जाईल? नाव ठरवूनच वर्ग सोडावा.

प्रार्थना

हे प्रभू, तू बाहेर उभा राहून आम्हांला हाका मारल्या नाहीस, तू आत आलास. आमच्या तरुणांना, आणि त्यांच्यापासून दूर गेलेल्या आम्हां वडीलधाऱ्यांना, एकमेकांचा खरा चेहरा पाहण्याचे धैर्य दे. जेथे तू आम्हांला ठेवले आहेस तेथे कोणाचे तरी रडणे ऐकून थांबावयास शिकव. आमेन.